खोटी सुई

१० जुलै २०१८ च्या 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात, पान १६७ ते १७६ वर, एक शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या यादीतलं पहिलं नाव डॉ. डॉन हर्शमन यांचं आणि शेवटचं डॉ. कॅथरीन क्रू यांचं. दोघी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कर्करोगतज्ज्ञ. स्तनाच्या कर्करोगानंतर रोज एक गोळी घेणाऱ्या कित्येक बायकांचे सांधे दुखतात. त्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, एवढाच निबंधाचा विषय.

शोधनिबंध कुणी रसग्रहणासाठी वाचत नाही. निष्कर्ष बघायचा, आपल्या मताला सोयीचा असला तर उचलायचा, नसला तर पान उलटायचं, अशी रीत आहे. ॲक्युपंक्चरच्या बाबतीत तर जास्तच. त्यावर लिहिणारे बहुतेक जण एकतर हात जोडून लिहितात, नाहीतर खांदे उडवून. या दहा पानांत दोन्ही नाही. लेखकांनी तटस्थपणाची ग्वाही कुठेही दिलेली नाही; चाचणीची रचनाच अशी केली आहे की भक्ताला आणि टवाळाला सारखीच अडचण व्हावी. त्या रचनेच्या मधोमध एक खोटी सुई आहे. निबंधाची सगळी गोडी मला तिच्यात वाटते.

आधी दुखणं समजून घ्यावं लागेल. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. पाळी गेल्यावर अंडाशयांकडून येणारं इस्ट्रोजेन आटतं, पण चरबीसारख्या ठिकाणी अरोमाटेज नावाचं विकर दुसऱ्या हार्मोन्सपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या त्या विकरालाच अडवतात. ऑपरेशन झालं, केमो किंवा रेडिएशन लागलं तर तेही उरकलं, की गोळी सुरू होते आणि पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. रोग उलटण्याचा धोका ती कमी करते. पण ती घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या बायकांचे सांधे कमीजास्त दुखायला, आखडायला लागतात. सकाळी मूठ मिटत नाही. बरणीचं झाकण फिरत नाही. बसल्यावर उठायचं तर गुडघा ऐकत नाही. बघणाऱ्याला यात कर्करोग कुठेच दिसत नाही, त्यामुळे 'आता बरी झालीस ना' म्हणणाऱ्यांपुढे हे दुखणं सांगायचीही चोरी. मग काही जणी गोळी बंद करतात. कधी डॉक्टरांना सांगून, कधी न सांगता. दुखणं सांध्याचं असतं, पण त्यापायी मोडतं ते कर्करोगाचं औषध.

पूरक उपचाराची जागा इथे नेमकी ठरते. गाठीच्या संदर्भात सुईने काहीच करायचं नाही, ते काम गोळीकडे आहे. गोळी घेत राहणं बाईला सुसह्य व्हावं, एवढीच सुईकडून अपेक्षा. गाठ विरघळली, प्रतिकारशक्ती वाढली, अडलेली ऊर्जा वाहती झाली, यांतलं काहीही हा निबंध सिद्ध करायला निघालेला नाही. त्याने प्रश्न इतका बारीक कातून घेतला आहे की उत्तर एका आकड्यात यावं. ही त्याची पहिली कारागिरी. प्रश्न मोठा ठेवला की उत्तर पसरट होतं आणि पसरट उत्तरात प्रत्येकाला आपल्या सोयीचं काहीतरी सापडतं.

दुसरी कारागिरी मोजपट्टीची. दुखणं मोजायला रक्ताची तपासणी नाही, ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. इथे वेदनेच्या एका प्रचलित प्रश्नावलीतला एकच प्रश्न मुख्य धरला आहे: सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा शून्य ते दहामध्ये किती दुखलं? निदान ३ असं उत्तर देणाऱ्या बाईलाच चाचणीत प्रवेश. प्रत्यक्षात आलेल्यांची सुरुवातीची सरासरी ६.६ निघाली, म्हणजे बायका चांगल्याच दुखण्यानिशी आल्या होत्या. याच्याही आधी लेखकांनी एक रेघ आखून ठेवली होती: गटागटांत दोन अंकांचा फरक पडला तर तो पेशंटच्या रोजच्या जगण्यात जाणवण्याजोगा मानायचा. ही रेघ लक्षात ठेवायची. निबंधातलं सगळं नाट्य तिच्या अलीकडे आणि पलीकडे घडतं.

आता पात्रं. मार्च २०१२ ते फेब्रुवारी २०१७ या काळात अमेरिकेतल्या ११ केंद्रांवर २२६ बायका चाचणीत आल्या. गोळीचा नेहमीचा कोर्स पाच वर्षांचा, आणि ती घेणाऱ्या एवढ्या बायका गोळा करायलाही जवळपास तेवढीच वर्षं लागली. संगणकाच्या सोडतीने त्यांचे तीन गट पडले. ११० जणींना खरं ॲक्युपंक्चर, ५९ जणींना खोटं, आणि ५७ जणींना काहीच नाही, नुसती वाट बघायची. सोडतीचं प्रमाण दोनास एकास एक, म्हणजे येणाऱ्या बाईला खरी सुई मिळण्याची शक्यता निम्मी. पहिल्या दोन्ही गटांचं वेळापत्रक सारखं: सहा आठवडे दर आठवड्याला दोन बैठका, पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला एक, मिळून अठरा. चोविसाव्या आठवड्यानंतर मात्र तिन्ही गटांतल्या प्रत्येकीला खऱ्या ॲक्युपंक्चरच्या दहा बैठका देऊ केल्या होत्या. ज्यांना खोटं मिळालं त्यांचं आणि ज्या ताटकळल्या त्यांचं देणं आराखड्यातच फेडून टाकलं आहे. कोरड्या पद्धतिवर्णनात दडलेली ही सभ्यता नजरेतून सुटू नये.

तीन गट कशाला? वाट बघणारा गट सांगतो की नुसता काळ गेल्याने काय होतं. माणूस उपाय शोधायला येतो तो दुखणं ऐन भरात असताना, आणि भरातलं दुखणं पुष्कळदा आपोआप थोडं उतरतं. हा गट नसता तर ते उतरणंही सुईच्या खात्यावर जमा झालं असतं. पण तेवढ्याने भागत नाही. ॲक्युपंक्चर म्हणजे नुसती सुई नसते. शांत खोली असते, आडवं पडायला सांगणारं कुणीतरी असतं, 'आज कुठे जास्त दुखतंय' असं विचारणारं माणूस असतं. महिनोन् महिने स्कॅन, रिपोर्ट आणि रांगा अनुभवलेल्या बाईला अर्धा-पाऊण तास कुणी फक्त तिच्या दुखण्यासाठी दिला, तर त्यानेच बरं वाटू शकतं. हे बरं वाटणं काही खोटं नसतं. पण ते सुईमुळे की बाकीच्या सगळ्यामुळे, हे वेगळं काढायचं कसं? त्यासाठी बाकीचं सगळं तसंच ठेवून फक्त सुई खोटी करावी लागते.

खोटी गोळी करणं सोपं; रंग-आकार तोच, आत साखर. खोटी सुई करणं अवघड आहे, कारण टोचलं की नाही हे माणसाला कळतं. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीच्या स्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ यांनी एक युक्ती मांडली होती. टोक बोथट, दाबल्यावर सुई कातडीत न शिरता मुठीत सरकते, पण बघणाऱ्याला आत गेल्यासारखी वाटते. हर्शमन यांच्या चमूने वेगळा मार्ग घेतला. खोट्या गटातही खऱ्याच सुया, पण बारीक आणि आखूड, अगदी वरवर टोचलेल्या, आणि ॲक्युपंक्चरच्या नकाशात जिथे बिंदू नाही अशा जागी. दुखऱ्या सांध्याप्रमाणे टोचण्याचा भागही खोट्याला होता. खऱ्या उपचारात कानावरचे बिंदू वापरतात, म्हणून खोट्यातही कानावर चिकटपट्ट्या लावल्या, त्याही बिंदू सोडून. खोटेपणा इतका बारकाईने घडवला आहे की तो घडवणाऱ्यांचा खऱ्याविषयीचा आदर त्यातून दिसतो. नक्कल चांगली उतरायला मूळ नीट पाहिलेलं असावं लागतं.

या खोट्या सुईने एक फार जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत सम्राट रेनझोंग याच्या आज्ञेवरून वांग वेइयी या वैद्याने १०२७ मध्ये काशाचे दोन पुतळे ओतवून घेतले, माणसाच्या उंचीचे. अंगावर ॲक्युपंक्चरच्या बिंदूंची साडेसहाशेच्या वर छिद्रं. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देत आणि पोटात पाणी भरत, असं सांगितलं जातं. विद्यार्थ्याने सुई मारायची. नेमक्या जागी बसली तर पाणी झिरपणार, चुकली तर सुई धातूवर अडणार. परीक्षा देखणी आहे, पण तपासते कोणाला? विद्यार्थ्याला. नकाशा बरोबर आहे हे तिने आधीच धरून चाललेलं आहे. छिद्र जिथे पाडलं तिथूनच पाणी येणार.

२०१८ च्या निबंधाने ही परीक्षा उलटी फिरवली. आता कसोटी नकाशाची. बिंदूवर खोल टोचलं आणि बिंदू सोडून वरवर टोचलं, तर माणसाच्या दुखण्यात फरक पडतो का? उत्तर देणारा पुतळा धातूचा नाही. ती हाडामांसाची बाई आहे, आपल्याला कोणती सुई मिळाली हे तिला सांगितलेलं नाही, आणि तिने फक्त एक आकडा सांगायचा आहे. वांग वेइयींच्या पुतळ्याइतकीच ही कल्पना मला देखणी वाटते, आणि त्याहून धीट. पुतळ्यापुढे विद्यार्थी नापास होऊ शकत होता. इथे दोन हजार वर्षांची परंपरा नापास होऊ शकत होती.

धीटपणाला आणखी एक पदर आहे. हाच प्रश्न क्रू यांनी आधी एका छोट्या चाचणीत विचारला होता. २०१० मध्ये तिचे निकाल आले तेव्हा हिशेबात धरता येतील अशा अवघ्या ३८ बायका होत्या, पण आकडा डोळे दिपवणारा. सहा आठवड्यांनी खऱ्या गटाचं सर्वाधिक दुखणं सरासरी ३ वर आलेलं, खोट्या गटाचं ५.५ वर राहिलेलं. असा निकाल हाती आल्यावर पुष्कळांनी त्यावर आयुष्य काढलं असतं. त्यात मोठी चाचणी सुरू झाल्यावर दुसरीकडून विरोधी सूरही आले. २०१३ आणि २०१४ मधल्या दोन छोट्या अमेरिकी चाचण्यांत खरी आणि खोटी सुई यांच्यात ठळक फरक निघाला नव्हता. स्वतःचा सुंदर निकाल मोठ्या चाचणीच्या तोंडी द्यायचा, म्हणजे तो लहान होऊन परत येण्याची तयारी ठेवायची. तसंच झालं.

आता आकडे सावकाश वाचायचे. सहा आठवड्यांनी वाट बघणाऱ्या गटाचं दुखणं सरासरी ०.९९ अंकांनी उतरलं. काही न करता, जवळजवळ एक अंक. खोट्या गटाचं १.०७ ने उतरलं. खऱ्या गटाचं २.०५ ने.

माझी नजर पहिल्यांदा मधल्या आकड्यावर थांबते. खोट्या उपचाराने निदान थोडं तरी जास्त काम करावं अशी अपेक्षा असते, कारण खोली, स्पर्श, विचारपूस, आशा, सगळं त्यात आहे. इथे ०.९९ आणि १.०७ यांच्यात नाव घेण्यासारखा फरकच नाही. बारा वेळा जायचं, सुया टोचून घ्यायच्या, आणि सरासरीत वाट बघणाऱ्या बायकांच्याच पंगतीला बसायचं. सुईचा गुण म्हणजे निव्वळ मनाची समजूत, हा आक्षेप या चाचणीपुरता तरी इथे लंगडा पडतो. समजुतीची पूर्ण व्यवस्था खोट्या गटाला दिलेली होती.

दुसऱ्यांदा नजर थांबते ती २.०५ वर. हा आकडा मोहाचा आहे. आधी आखलेली रेघ दोनची, आणि खरा गट ती किंचित ओलांडून उभा. जाहिरात करायची तर इथेच थांबावं. लेखक थांबत नाहीत. गटाने स्वतःच्या सुरुवातीपासून किती मजल मारली, याला ते महत्त्वच देत नाहीत, कारण त्यातला एक अंक काळाने आपणहून दिलेला आहे. रेघ आखली होती ती दोन गटांमधल्या फरकासाठी. सुरुवातीच्या दुखण्याचा वगैरे हिशेब सारखा करून तो फरक काढला, तो आला ०.९२. वाट बघणाऱ्यांशी तुलना केली तर ०.९६. दोन्ही फरक निव्वळ योगायोगाने पडले असण्याची शक्यता कमी. त्या हिशेबाने चाचणी यशस्वी. पण खोट्या सुईशी पडलेल्या फरकाच्या दोन्ही बाजूंना लेखकांनी प्रामाणिकपणे दिलेली धूसर हद्द आहे ०.२० ते १.६५ ची. तिचं वरचं टोकसुद्धा दोनला पोचत नाही.

निबंधाच्या सारांशातलं शेवटचं वाक्य या अडचणीच्या जागी लिहिलेलं आहे, आणि माझ्या मते ते या दहा पानांतलं सर्वोत्तम वाक्य आहे. त्याचा पूर्वार्ध सांगतो की खऱ्या ॲक्युपंक्चरने सांधेदुखी संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल इतकी कमी झाली. उत्तरार्ध सांगतो की या सुधारणेचं पेशंटच्या दृष्टीने महत्त्व किती, हे अनिश्चित आहे. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा शेवट लेखकांनी 'अनिश्चित' या विशेषणावर केला. त्यात नम्रतेचा आव नाही. आधी आखलेली रेघ आपल्या आकड्याने ओलांडली नाही, म्हणून रेघ पुसायची नाही आणि आकडाही लपवायचा नाही, इतका सरळ व्यवहार आहे. गद्यात संयम ही शैलीची बाब असते. इथे ती आधीच केलेल्या कराराची बाब आहे.

मात्र त्याच निबंधात सरासरीच्या आड लपलेली एक वेगळी हकीकतही आहे. दोन अंकांची रेघ ओलांडणाऱ्या बायका एकेक करून मोजल्या, तर खऱ्या गटात त्या ५८ टक्के निघतात, खोट्यात ३३ आणि वाट बघणाऱ्यांत ३१. म्हणजे प्रत्येकीचं दुखणं जरा जरा कमी झालं असं चित्र नाही. काही जणींचं चांगलं कमी झालं, काही जणींचं जागचं हललं नाही, आणि दोन्ही मिळून सरासरी बनली. 'सरासरी ०.९२' असं कुणा बाईला होत नसतं. तिला एकतर सकाळी मूठ मिटायला लागते किंवा लागत नाही. कुणाला लागेल हे आधी ओळखता येत नाही, इथे निबंधाची मर्यादा येते.

मर्यादा आणखी आहेत आणि रसिकाने त्यांच्याकडे डोळेझाक करू नये. सुई टोचणाऱ्याला आपण खरं करतोय की खोटं हे माहीत असतं. त्याच्या हातातला विश्वास किंवा संकोच पेशंटपर्यंत पोचत नसेल, याची हमी कोण देणार? शिवाय खोटी सुई खरोखर निष्प्रभ असते का, हाही वाद आहे. जपानमध्ये अगदी वरवर टोचण्याची परंपरा आहे, आणि तिथल्या वैद्याला ही खोटी सुई थोडीफार खरी वाटू शकेल. सहभागी बायकांत ८८ टक्के गोऱ्या होत्या. आणि निळेजांभळे डाग: खऱ्या गटात ४७ टक्के बायकांना टोचल्या जागी किरकोळ काळंनिळं पडलं, खोट्यात २५ टक्क्यांना. त्रास क्षुल्लक असला तरी तो नोंदवला आहे, आणि त्या नोंदीतून दोन्ही सुयांच्या खोलीतला फरकही आपसूक सिद्ध होतो.

निबंधाची उंची कळायला त्याच्या शेजारी दुसरा एक निबंध ठेवून बघावा. त्याच २०१८ साली, याच सांधेदुखीवर ड्युलोक्सेटिन या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली, सुमारे ३०० बायकांची. साखरेच्या गोळीशी तुलना करता बारा आठवड्यांत सरासरी दुखण्यात ०.८२ अंकांचा फरक पडला. दोन्ही चाचण्यांनी दुखण्याची वेगवेगळी बाजू मोजली, त्यामुळे सुई जिंकली असं म्हणणं चुकीचं. पण औषधाच्या गोळीकडूनही या दुखण्यात साधारण एवढंच मिळतं, हे कळल्यावर ०.९२ कडे बघण्याची नजर बदलते. त्या चाचणीत ड्युलोक्सेटिन घेणाऱ्या ७८ टक्के बायकांना काही ना काही त्रास झाला, साखरेची गोळी घेणाऱ्या ५० टक्क्यांना. अशा वेळी काळ्यानिळ्या डागाची किंमत फार वाटेनाशी होते.

पुढची हकीकत २०२२ मध्ये आली. त्याच बायकांचे बावन्न आठवड्यांचे आकडे हर्शमन यांनी प्रसिद्ध केले. नेमाच्या बैठका बाराव्या आठवड्यातच संपल्या होत्या, आणि चोविसाव्यानंतर खरी सुई तिन्ही गटांना देऊ केलेली होती. तरी वर्ष उलटताना खऱ्या गटाचं दुखणं खोट्या गटाहून १.०८ अंकांनी आणि वाट बघणाऱ्यांहून ०.९९ अंकांनी कमी होतं. फरक मोठा झाला नाही, पण विरलाही नाही. लहान आकड्याचं मोल त्याच्या टिकण्यावरही ठरतं, आणि गोळी तर वर्षानुवर्षं घ्यायची असते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या 'ॲस्को' या संघटनेने एकात्मिक उपचारांच्या संस्थेबरोबर वेदनेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांच्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. कर्करोगातल्या इतर वेदनांसाठी भाषा एक पायरी खालची: सुचवता येईल. 'सुचवावं' आणि 'सुचवता येईल' यांतली ती पायरी अशा चाचण्यांनी बांधलेली आहे.

हा निबंध अमेरिकेतला असला तरी त्यातल्या गोळ्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोज घेतल्या जातात, आणि सुईही आपल्याला परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाअखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यातून त्यांनी ते भारतात रुजवलं. महाराष्ट्राने तर या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. तेव्हा प्रश्न सुई मिळेल का असा राहिलेला नाही. ती कोणत्या दाव्यासह मिळते, हा आहे.

तिथे हा निबंध वाचलेला माणूस वेगळे प्रश्न विचारतो. गाठ कमी होईल असं कुणी म्हणालं, तर तिथून उठावं. या निबंधाने तो प्रश्न विचारण्याचंही धाडस केलेलं नाही. गोळी किंवा केमो थांबवून आमच्याकडे या असं कुणी म्हणालं, तर लवकर उठावं, कारण सुईचं काम गोळी चालू ठेवण्याचं आहे. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली आल्या असतील तर टोचायचं की नाही, हे कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज येत असेल तर त्या हाताला सुई नको म्हणावं. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. छातीवर किंवा खांद्यापाशी टोचणाऱ्याला शरीररचनेचं शिक्षण आहे ना, हे बघावं. खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते. एवढं सगळं जमत असेल, तर आठवड्याला दोनदा जाऊन सहा आठवडे बघायला हरकत नाही. रोज एक आकडा वहीत लिहावा, शून्य ते दहा. सहा आठवड्यांनी तो उतरला नसेल, तर आपण त्या उरलेल्या ४२ टक्क्यांत आहोत असं समजून पैसे आणि फेऱ्या वाचवाव्यात.

ॲक्युपंक्चरच्या बाजूने आजवर जे लिहिलं गेलं, त्यात या निबंधाला मी फार वरचं स्थान देईन, आणि त्याच्या विरोधात जे लिहिलं गेलं त्यातही. दोन्ही पक्षांना पुरावा म्हणून हाच निबंध काढून दाखवता येतो. एक पक्ष 'कमी झाली' एवढंच वाचून थांबतो, दुसरा 'अनिश्चित' एवढंच. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. गोळी चालू ठेवायची की सोडायची, या उंबरठ्यावरच्या बाईला ते वाक्य पूर्ण वाचून दाखवलं पाहिजे. दहातला एक अंक, वर्षभर टिकणारा, थोडं काळंनिळं पडण्याच्या बदल्यात: हा सौदा तिला पटतो की नाही, हे सरासरीने ठरत नाही आणि सुई मारणाऱ्यानेही ठरवू नये. ते तिने ठरवावं, आणि ठरवताना तिच्या हाती खरा आकडा असावा.